लास्ट बोटचा लाला

लग्न होऊन मी साताऱ्याहून विट्याजवळच्या या घरात आले, तेव्हा सासऱ्यांच्या एका सवयीचं मला फार नवल वाटायचं. औंधच्या यमाईची यात्रा म्हणजे आमच्याकडे वर्षाचा सण. दुपारी कुस्त्यांचं मैदान भरलं आणि हलगी कडाडली की घरातले झाडून सगळे पुरुष तिकडे पळायचे. सासरे मात्र उलटीकडे चालू लागायचे. गाड्या लावलेल्या रानात जाऊन आमच्या जीपच्या सावलीत बसायचे, आणि मैदान उठलं की मुकाट्यानं परत यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कान दुखत्यात हलगीनं." पुढे मी विचारलं नाही. नवी सून होते, आणि या घरात प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक पोलीस पाटलाकडे बघावं तसं बघतात.

त्यांचं नाव लालासाहेब, आम्ही सगळे आबा म्हणतो. आता साठी उलटली आहे. अंगानं काटक, बोलणं कमी, दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरट डाग. ते डाग तेजाबाचे. आमचं घर गलाईवाल्यांचं. देशातल्या कुठल्याही गावी सराफकट्ट्यावर जा, एखाद्या बोळात भट्टी पेटलेली दिसेल आणि तिच्यापुढे आमच्या भागातला एखादा पोरगा सोनं वितळवून शुद्ध करत बसलेला असेल. आबाही मिसरूड फुटायच्या आत असेच कोचीनला गेले. तिथे त्यांच्या थोरल्या भावाचं, उदयसिंहांचं दुकान होतं. पुढे ते दुकान कोइमतूरला हललं, आबांनी तिथे बरीच वर्षं भट्टीपुढे काढली आणि छातीला धूर सोसेना तसे मळ्यात परत आले. आता ते दुकान माझा नवरा दिग्विजय बघतो. आबांचं आयुष्य मला इतकंच माहीत होतं. सासूबाईंना, म्हणजे मनूआत्यांनाही याहून जास्त माहीत नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आसपास थोरल्या आबांना, म्हणजे उदयसिंहांना केरळातून एक फोन आला. एक बाई मोडक्या हिंदीत विचारत होती, तुमच्या दुकानात लाला नावाचा मुलगा होता का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. थोरले आबा म्हणाले, "राँग नंबर. असा कोणी न्हाई." आणि फोन ठेवून त्यांनी घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली की केरळचा अनोळखी नंबर कोणी उचलायचा नाही.

परक्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण गलाईच्या घरात यात कोणाला काही वावगं दिसत नाही. वितळलेल्या सोन्याला नाव नसतं आणि गावही नसतं. भट्टीत आलेला दागिना चोरीचा होता की कष्टाचा, हे कळायला मार्ग नाही. आमच्या भावकीतल्या एकाला असंच परराज्यातल्या पोलिसांनी दारातून उचलून नेलं होतं. बिचारा निर्दोष सुटला, पण सुटेपर्यंत त्याची आई अंथरुणाला खिळली. तेव्हापासून दुसऱ्या राज्यातून कोणी आमच्या माणसाचं नाव घेऊन चौकशी केली, की घरानं एका सुरात सांगायचं, असा माणूस इथे नाही. ती बाई चिकाटीची. तिनं दिग्विजयचा नंबर मिळवून कोइमतूरला फोन केला. त्यानंही तेच सांगितलं. आबांच्या कानावर यातलं काहीही गेलं नाही. जायचं कारणच नव्हतं, ते तर त्यांच्याच बचावासाठी चाललं होतं.

तिसरा फोन मी उचलला. फेब्रुवारी लागला होता, मळ्यात द्राक्षांची गडबड होती, आणि मला ताकीद आठवली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आठवली होती. पण मला कोणी नाही म्हटलं की माझा हात तिकडेच जातो; माझी आई म्हणायची, हिला विहिरीत बघू नको म्हटलं की ही आधी पोहरा सोडते. पलीकडची बाई इंग्रजीत म्हणाली, "मी माया. मला तुमच्याकडून काही नको. मी एक गाणं पाठवते. तुमच्या घरात कोणी लाला असेल, तर त्यांच्यासमोर एकदा वाजवा. नसेल तर पुन्हा त्रास देणार नाही." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

गाणं यूट्यूबवर होतं. चित्राच्या जागी एका कॅसेटचा पिवळा पडलेला कागद, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'द लास्ट बोट, कोचीन, १९८३'. मी पडवीत भाजी निवडत होते, तिथेच लावलं. गिटार बारीक आणि टोचणारी, कीबोर्डचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा, आणि गाणारा मुलगा कोणावर तरी रुसून, भिंतीकडे तोंड करून गात असावा असा. तेव्हा विलायतेत अशा गाण्याला न्यू वेव्ह म्हणत, हे मला नंतर मायानं सांगितलं. मला ते फारसं आवडलं नाही. बंद करणार, तोच त्या सगळ्याखालून हलगी सुरू झाली. दुसरं कुठलं वाद्य नव्हे, आपली हलगी, मैदानात पैलवान उतरताना वाजते ती. त्या रुसक्या मुलाला तिनं जणू बखोट धरून उभं केलं आणि गाणं चालायला लागलं.

आबा अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. त्यांच्या हातातली नळी थांबली. मान वर न करता त्यांनी उजव्या हाताची बोटं नळीवर आपटायला सुरुवात केली, आणि हलगीचा एकेक ठोका त्यांच्या बोटाबरोबर पडत गेला. ठोका येण्याआधी बोट उचललेलं असायचं. गाणं संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"ऑस्टिन गातोय," ते म्हणाले. "ही टेप तर जळली व्हती. क्षमा, ही कुठनं आली?"

मी मायाला परत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आबांनी पहिला प्रश्न विचारला तो हिंदीत, बऱ्याच वर्षांत न वापरलेल्या दुकानातल्या हिंदीत. "ऑस्टिन कैसा है?"

माया म्हणाली, पप्पा जानेवारीत गेले. दिवाळीत मी पहिला फोन केला, तेव्हा ते चांगले बोलत होते.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. दिवाळीतल्या फोनचं त्यांना तेव्हा कळलं, आणि ते मला सांगावं लागलं. मला स्वतःच्या घराचा इतका राग कधी आला नव्हता.

त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून आबांनी सगळं सांगितलं. मनूआत्या भाकरी थापत होत्या, त्या हळूहळू थांबल्या. थोरले आबाही येऊन दाराशी टेकले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना उठून जाताही येईना.

आबा लहानपणी तालमीत जायचे. कुस्ती यथातथाच, पण तालमीपुढे हलगी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी बसून ते वाजवायला शिकले. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी चाबकानं फोडलं. हलगी कोणी वाजवायची आणि तिच्यापुढे फेटा कोणी उडवायचा, हे गावानं जातीवर ठरवून ठेवलेलं. वडील म्हणाले, आपल्या घरात हलगी वाजवत न्हाईत, हलगीपुढं नाचत्यात. कोचीनला जाताना आबांनी एक हलगी घोंगडीत गुंडाळून नेली. तिथल्या दमट हवेत कातडं ढिलं पडायचं. हलगी बोलायची तर तिला विस्तवाची ऊब लागते, आणि ऊब तर दुकानात कायमची होती. भाऊ माल पोचवायला गेला की आबा भट्टीवर हलगी शेकायचे आणि वाजवायचे. बोळाच्या टोकाला राहणारा ऑस्टिन आवाजाचा माग काढत दारात आला. त्याच्याकडे गिटार होती, आणखी दोघे मित्र होते, आणि त्यांतल्या एकाच्या जहाजावरच्या भावानं जपानहून आणलेला कीबोर्ड होता. ड्रम घ्यायची कोणाची ऐपत नव्हती.

"मला त्यांची भाषा येत न्हवती, त्यास्नी माझी न्हाई," आबा म्हणाले. "ऑस्टिन नुसतं बोट वर करायचा, मी सुरू करायचो. लय बरं वाटायचं गड्या." गड्या ते कोणाला म्हणाले कोण जाणे. घरात आम्ही दोघी बायका आणि दारात त्यांचा थोरला भाऊ. "तिथं मी कुणाच्या घरचा हाय, ह्ये कुणीबी इचारत न्हवतं."

शेवटची बोट जेटीवरून सुटली की तिथे माणूस नसे, म्हणून ते तिथे बसून वाजवत. बँडचं नावही त्यावरूनच पडलं. साऱ्यांनी मिळून चार गाण्यांची एक टेप केली. तिच्या कॅसेट काढल्या, पण कोचीनच्या पावसात टेपला बुरशी धरते. सगळ्यांत कोरडी जागा कोणती, तर भट्टीवरचा माळा. म्हणून मूळ टेप आणि सगळ्या कॅसेट एका लाकडी पेटीत घालून ऑस्टिननं त्या आबांच्या स्वाधीन केल्या. त्या मित्राच्या जहाजावर जाणाऱ्या भावानं त्यातली एक तेवढी ऐकायला म्हणून आधीच उचलली होती, हे मात्र आबांना ठाऊक नव्हतं.

मग आबांचं लग्न ठरलं. ते गावी आले. मागे थोरल्या आबांनी दुकान कोइमतूरला हलवायचं ठरवलं.

इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. गलाईच्या दुकानात सोन्याची धूळ सगळीकडे बसते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दुकान सोडताना तिथलं काही फेकत नाहीत. चटया, गाद्या, फळ्या, कामाचे कपडे, पायपुसणीसुद्धा, सगळं जाळतात आणि राख धुऊन त्यातलं सोनं काढतात. आमच्या घरात पुढे असंही मानतात की दुकानाच्या शेवटच्या राखेचं सोनं विकायचं नसतं, ते घरच्या लक्ष्मीच्या अंगावर घालायचं. थोरल्या आबांनी माळ्यावरची पेटी पाहिली. इतके दिवस भट्टीवर राहिलेली, म्हणजे धूळ मुरलेली. पेटीत काय आहे हे त्यांनी उघडून पाहिलंही होतं. त्यांना त्या सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेट वाटल्या. लाकूड, कॅसेट, घोंगडीतली हलगी, सगळं त्यांनी जाळलं. राखेचं सोनं निघालं, त्याच्या दोन वाट्या केल्या आणि धाकट्या भावाच्या लग्नात ते डोरलं घेऊन मांडवात हजर झाले.

"दादा सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणले, ह्ये कोचीनच्या दुकानाच्या राखंचं सोनं हाय, सगळं जाळलं, कायबी ठेवलं न्हाई," आबा म्हणाले. "अक्षता पडायच्या व्हत्या. डोरलं माझ्या हातात दिलं. मी बांधलं."

मनूआत्यांचा पिठाचा हात गळ्याशी गेला. मी पंधरा वर्षं या बाईला बघते आहे. त्या चिडतात, फटकळ बोलतात, पण रडत नाहीत. तेव्हाही रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा हात थरथरत व्हता. गाठ बसंना. मला वाटलं, मी पसंत न्हाई."

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"आवं, चाळीस वरसं मला तसंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "एकदा तरी सांगायचं व्हतं."

तव्यावरची भाकरी करपली, ती मी उलटली.

मग थोरले आबा दारातूनच म्हणाले, "मला काय ठावं लाला, त्यात तुझी गाणी हायती ते. आन् आत्ताचा फोन... मी आपलं घर वाचवत व्हतो."

"व्हय दादा," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तवाबी तुमी घरच वाचवत व्हता."

यापेक्षा कठोर शब्द मी आबांच्या तोंडून कधी ऐकला नाही. थोरले आबा काठी टेकत अंधाऱ्या अंगणातून आपल्या खोलीकडे गेले. मला वाटलं होतं, त्यांना असं बघून मला बरं वाटेल. तसं वाटलं नाही. त्यांनी दोन्ही वेळा, पिढ्यान्‌पिढ्या घर जे शिकवत आलं तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायाचा फोन आला. तिनं उरलेली हकिगत सांगितली. जहाजावरची ती कॅसेट कुठल्याशा बंदरात जुन्या सामानात विकली गेली आणि फिरत फिरत एका हौशी माणसाच्या हाती लागली. त्यानं ती नेटवर टाकली. आता जगभरचे लोक त्याखाली वाद घालतात, की ते वाद्य कोणतं, कोणत्या कंपनीचं मशीन आहे. बँडमधले बाकीचे दोघे केव्हाच गेले. ऑस्टिनला मुलीनं गाणं ऐकवलं, तेव्हा तो म्हणाला, मशीन कसलं, तो विट्याचा लाला. कोचीनमध्ये आजही गलाईवाले आपल्याच भागातले. त्यांच्याकडून मायानं अर्ध्या दिवसात आमचा नंबर शोधला होता.

"पप्पांनी एकच गोष्ट विचारायला सांगितली होती," माया म्हणाली. "लाला परत का आला नाही?"

मी ते मराठीत सांगितलं. आबा नळीचं टोक हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिला सांग, तुमची गाणी माझ्या घरानं जाळली. कुठल्या तोंडानं येऊ? लाज वाटली."

मी सांगितलं. मायानं उत्तर दिलं, ते मला आबांना सांगवेना. ते म्हणाले, "काय म्हणती? सांग."

मी सांगितलं. "ऑस्टिनना तेव्हाच माहीत होतं, आबा. ते दुकानावर आले तेव्हा बोळात राख धुणं चाललं होतं. ते म्हणाले होते, टेप जळली तर जळली, लाला आला की पुन्हा नवी करू. एका दिवसाचं काम. ते तुमची वाट बघत होते. दुसरा वाजवणारा त्यांनी घेतलाच नाही."

आबा उठून मळ्यात गेले. जेवायला आले नाहीत. मी मागे जाणार होते, पण मनूआत्यांनी मला हातानं थांबवलं. चाळीस वर्षं माणूस एका गुन्ह्याचं ओझं वाहतो आणि मग कळतं, की तो गुन्हा कोणी धरलाच नव्हता. धरला होता तो दुसराच, न जाण्याचा, आणि तो तर त्याला ठाऊकच नव्हता.

मायाकडे त्यांच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे ऑस्टिनच्या एक्केचाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होती. तिनं बोलावलं. आबा नको म्हणाले, माणूसच न्हाई तर जाऊन काय करू. तेव्हा मनूआत्या म्हणाल्या, "तवा गेला न्हाईसा म्हणून ह्ये झालं. आता तरी चला. मीबी येती." आणि त्यांनी पिशवी भरायला घेतली. मला दुभाषी म्हणून नेलं.

मिरजेच्या स्टेशनावर गाडी लागायच्या आधी थोरले आबा आले. नातवाला गाडी चालवायला लावून सत्तरीचा माणूस इतक्या लांब आला होता. त्यांच्या काखेत एक धोतराच्या कापडात गुंडाळलेली वस्तू होती. ती त्यांनी आबांच्या हातात दिली. "तालमीतनं मागून आणली," ते म्हणाले. "मोठ्या माणसाच्या माघारी वाजवत्यात आपल्याकडं." कापडात हलगी होती. ज्या घरात वाजवल्याबद्दल चाबूक बसला होता, त्याच घरातला थोरला ती काखेत घालून सगळ्या गावादेखत निघाला होता. आबांनी वाकून भावाचे पाय धरले. गाडी आली.

कोचीनला मायाचं घर त्याच बोळाच्या टोकाला आहे. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालं आहे. आबा त्याच्यापुढे थांबले नाहीत. प्रार्थना झाली, पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी आम्ही मायाबरोबर जेटीवर गेलो. हलगीचं कातडं हवेनं पार लोळागोळा झालं होतं. मनूआत्यांनी मायाच्या परसातली नारळाची वाळकी सोडणं पदरात आणली होती. त्यांनी जेटीच्या कडेला ती पेटवली. आबांनी हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकली. मायानं फोनवर गाणं लावलं.

आबांनी नीट वाजवलं असं मी म्हणणार नाही. बोटं आखडलेली, दोनदा ठोका चुकला, आणि शेवटच्या कडव्याला छाती भरून आली म्हणून थांबावं लागलं. गाण्यातली हलगी मात्र थांबली नाही. तिकडे तो वीस वर्षांचा लाला वाजवतच होता आणि ऑस्टिन रुसून गात होता. आबा हलगी मांडीवर घेऊन ते शेवटपर्यंत ऐकत बसले. मग कोणी नसलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "आलो रं."

माया तोंडावर रुमाल धरून रडत होती. ती मला म्हणाली, एक कॅसेट सापडली हे नशीब, पण मूळ टेप पप्पांच्या हातची होती, ती मला एकदा बघायची होती.

मनूआत्यांनी मला विचारलं, पोरगी काय म्हणती. मी सांगितलं. त्या विस्तवाजवळून उठल्या, राखेचा हात पदराला पुसला, मायाचा हात धरला आणि तिच्या तळहातावर आपल्या गळ्यातल्या डोरल्याच्या दोन वाट्या ठेवल्या.

"तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "ती टेप ह्यात हाय. मी संभाळली."